हेमीरावांच्या हातावर दही

मागच्या वर्षी मे महिन्यात एका मंगळवारी माझा नवरा हेमी बागेत कामाला गेला. दुपारी बागेतून फोन आला. मी वाचनालयातल्या कामावरून निघाले आणि दवाखान्यात पोचले. तोवर तो वारला होता.

आता पुन्हा मे आलाय. टौरंगाच्या रस्त्यांवरून किवीफळं लादलेले ट्रक बंदराच्या दिशेने एकामागून एक जातात आणि सिग्नलला त्यांच्यामागे गाड्यांची रांग लागते. सकाळी कामावर जाताना मी त्या रांगेत असते. वाऱ्याला अडवायला लावलेल्या उंच झाडांच्या कुंपणाआड बागा दिसत नाहीत. पण ट्रॅक्टरचा आवाज, कापलेल्या गवताचा वास, रस्त्याकडेला उभ्या असलेल्या तोडणीवाल्यांच्या व्हॅन, एवढ्यावरून आत काय चाललंय ते मला कळतं. कुठल्या बागेतलं सोनेरी जातीचं फळ उतरलं आणि कुठे अजून हिरव्याची वाट बघताहेत हेही मी सांगू शकते. पुस्तकांत रमणाऱ्या बाईला ही माहिती लग्नातून मिळाली.

आई जुन्नरहून आली आहे. तिचे गुडघे आणि विमानातल्या खुर्च्या यांचं जमत नाही, तरी जावयाचं वर्षश्राद्ध म्हणून ती आली. शिवाय तिला मला परत न्यायचं होतं. दादाने वरचा मजला रंगवून ठेवलाय, पाण्याची आता काही अडचण नाही, जुन्नरात हल्ली सगळं मिळतं, अगदी ऑलिव्ह ऑइलसुद्धा, असं ती भाजी निवडता निवडता एकेक सांगत असायची. मीरा, माझी लेक, वेलिंग्टनला शिकते आणि तिथल्याच जॉन्सनव्हिल भागात मैत्रिणींबरोबर राहते. तिचा विषय आई एका वाक्यात मिटवायची. पोरी उडायच्याच. मग मूळ मुद्द्यावर यायची.

"ज्याच्यासाठी राहिलीस तो राहिला नाही," ती म्हणायची. "आता तुझं इथं कोण?"

मला या प्रश्नाचा राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. उत्तर माझ्यापाशी आहे, फक्त ते सरळ एका दमात सांगता येण्यासारखं नाही. त्यासाठी मला पहिल्या हंगामापासून यावं लागतं.

त्या हंगामात माझं शिक्षण संपलं होतं, मनासारखी नोकरी मिळत नव्हती आणि व्हिसावर अजून काही महिने शिल्लक होते. वेलिंग्टनजवळच्या अप्पर हट गावातली भाड्याची खोली सोडून मी तोडणीला आले. बागेत पहिलं पाऊल टाकलं तेव्हा मला हसू आलं होतं. इतक्या लांब येऊन मी द्राक्षांच्या मांडवाखाली उभी होते. जुन्नरच्या वाटेवर दोन्ही बाजूंना असतात तसाच मांडव, डोक्यावर वेली, खाली हिरवट उजेड. घडांच्या जागी केसाळ तपकिरी फळं लोंबत होती, झोपलेल्या वटवाघळांसारखी. छातीवर पिशवी बांधायची, हातात सुती मोजे घालायचे, फळ ओंजळीत धरून किंचित वळवायचं की ते देठापासून सुटतं. ओढायचं नाही. उंच लोकांना मान वाकवून चालावं लागे आणि मला टाचा उचलाव्या लागत. रिकामी खोकी घेऊन येणाऱ्या ट्रॅक्टरवरच्या माणसाने ते पाहिलं आणि सगळ्या ओळींना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की या मॅडमसाठी मांडव जरा खाली घ्या. तो हेमी. मी हसले नाही. दुपारी जेवताना मात्र एकटीच हसले.

किवीफळ ओलं असताना तोडत नाहीत, साठवणीत खराब होतं. त्यामुळे रात्री पाऊस पडून गेला की सकाळी सगळी टोळी पत्र्याच्या शेडखाली बसून वेली सुकायची वाट बघे. कुणी पत्ते खेळत, कुणी झोपत, मी पुस्तक वाचत असे. आमचं सगळं प्रेम त्या ओल्या सकाळींचं आहे. कोरडा हंगाम असता तर माझं लग्नच झालं नसतं, असं मी पुढे म्हणायची आणि हेमी आकाशाकडे बघून कृतज्ञ चेहरा करायचा.

पहिल्यांदा जवळ येऊन बसला तेव्हा त्याने नाव विचारलं नाही. "तुझा डोंगर कोणता?" असं विचारलं. मला ती थट्टा वाटली. त्याच्या माओरी लोकांत ओळख अशीच करून देतात हे मला माहीत नव्हतं. आधी डोंगर, मग नदी, मग पूर्वज, आणि सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर, आपलं नाव. मी विचार करून शिवनेरी म्हटलं. नदी कुकडी. शाळेत असताना सहलीला जायची जागा आणि पुलावरून दिसणारं पाणी, याहून जास्त मी त्या दोघांचा कधी विचार केला नव्हता. आपण त्यांच्या मालकीचे आहोत असं तर नाहीच. त्याने दोन्ही नावं माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतली. त्याच्या भाषेतला र आपल्यासारखाच असल्यामुळे शिवनेरी त्याला पहिल्या झटक्यात जमलं.

त्याचा डोंगर शेडमधून दिसत होता, बंदराच्या तोंडाशी समुद्रात पाय सोडून बसलेला. डोंगराभोवतीची जमीन पूर्वी आपल्या लोकांची होती, लढाईनंतर सरकारने ती काढून घेतली आणि बोटीतून आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांना वाटली, हे त्याने हवामान सांगावं तशा सुरात सांगितलं. आपण बसलोय ती बागही त्यातलीच. मग माझ्या डब्याकडे बघून म्हणाला की आम्ही वसाहतवाले बरेच पाहिले, पण बटाट्याची भाजी घेऊन आलेली तू पहिलीच. मी म्हटलं, आमच्याकडेही तेच लोक आले होते, मसाले घ्यायला म्हणून, आणि दीडशे वर्षं बसले. तो इतका हसला की झोपलेले उठले. भाजीही त्यानेच संपवली.

तेव्हापासून भांडणात तो मला वसाहतवाली म्हणायचा. मी त्याला भूमिपुत्र म्हणायची. ते त्याला फार आवडे, कारण त्याला ते एखाद्या सरदाराचं नाव वाटे.

प्रेमाची भाषा त्याला येत नव्हती आणि मलाही बोलण्यापेक्षा वाचण्याची सवय. हंगाम संपत आला तेव्हा त्याने मला आंटी हुइयाकडे नेलं. त्याची आई लवकर गेल्यामुळे या मावशीनेच त्याला वाढवलं होतं. त्यांच्या गावच्या सभाघराचं अंगण, स्वयंपाकघर, सगळा परिसर, ज्याला ते मराए म्हणतात, तिथली ती कर्ती बाई. तिने मला आपादमस्तक पाहिलं आणि बटाटे सोलता येतात का विचारलं. कुठल्याशा कार्याचा स्वयंपाक होता. मी अख्खी दुपार बटाटे सोलले. संध्याकाळी तिने सालांची बादली उचलून बघितली आणि हेमीला सांगितलं, हळू आहे, पण वाया घालवत नाही. हा होकार होता हे मला परतीच्या वाटेवर कळलं.

जुन्नरला हा होकार मिळायला जास्त वेळ लागला. आईने आधी नातेवाइकांना फोनवर तयार केलं. तो तिकडचाच आहे, मूळचा, असं तिने सांगितलं. म्हणजे गोरा? नाही. मग आपल्यातला? नाही. मग आहे तरी कोण? शेवटी वैतागून आईने सांगितलं की त्याला स्वतःचा डोंगर आहे. यावर आत्या गप्प बसल्या. एवढी जमीन असलेलं स्थळ आमच्या घरात कधी आलं नव्हतं.

पहिल्या भेटीत हेमी त्यांच्या रीतीप्रमाणे कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवून श्वास घ्यायला पुढे झाला आणि आई दोन पावलं मागे सरून भिंतीला टेकली. दुसऱ्या भेटीला ती शहाणी झाली होती. त्याची गाडी दारात आली की ती आधी चष्मा काढून ठेवी. त्याला ती हेमीराव म्हणे. अहोजाहो करे. तो लांबच्या प्रवासाला निघाला की उंबऱ्याशी त्याच्या उजव्या हातावर दही-साखर घाली, आणि तो ती नीट चाटून, दोन्ही हात जोडून, "येतो आई," असं मराठीत म्हणून निघे. आई भारतात असली की दही मी घालावं असा त्याचा आग्रह. घरात दही नसलं तर कोपऱ्यावरच्या डेअरीत जाऊन घेऊन येई. एकदा स्ट्रॉबेरीचं आणलं होतं. चालतंय, म्हणाला, देव काही पाकिटावरचं वाचत बसत नाही.

मागच्या मेमध्ये आई आमच्याकडेच होती. हेमीला मराएच्या सभाघरात आणलं तेव्हा ती माझ्याबरोबर आली. उघडी शवपेटी, भोवती हाताने विणलेल्या चटया, भिंतीवर पूर्वजांचे फोटो. मी एका बाजूला आणि आंटी हुइया दुसऱ्या बाजूला. त्यांच्या तांगीत, म्हणजे अंत्यविधीत, गेलेल्या माणसाला काही दिवस एकटं सोडत नाहीत. गावोगावचे लोक गटागटाने येतात, म्हाताऱ्या बाया अंगणातून लांब सुरात त्यांना बोलावून घेतात, आणि आलेला प्रत्येक जण मेलेल्याशी बोलतो. त्याच्याबद्दल बोलत नाही, त्याच्याशी बोलतो. रागावतात, थट्टा करतात. एका आजोबांनी हेमीला दमात घेतलं की माझी करवत नेलीस, ती आता कोण आणून देणार. लोक हसले, आणि हसता हसता त्यांचे चेहरे ओले झाले.

आईला हे सगळं उलटंच. आपल्यात माणूस गेला की घाई. वाजवी आवाजात रडायचं, बायकांनी स्मशानात जायचं नाही, संध्याकाळच्या आत सगळं आटोपायचं. पहिल्या दिवशी ती मला सारखी विचारत होती, अजून किती वेळ ठेवणार. दुसऱ्या दिवशी ती पेटीशी जाऊन बसली आणि हेमीरावांना हळू आवाजात काहीतरी सांगत राहिली. मी ऐकण्याचा प्रयत्न केला नाही. नंतर मला म्हणाली, "आपण फार घाई करतो गं."

आंटी हुइयाने माझ्या डोक्यावर हिरव्या पानांचं कडं घातलं होतं, हृदयाच्या आकाराची पानं एकात एक गुंफून केलेलं. दुखवट्याची खूण. आई त्या पानांकडे बघून रडली. तिने तिच्या आयुष्यात नवरा गेलेल्या बाईच्या अंगावरचा हिरवा रंग काढून घेतलेलाच पाहिला होता. माझे बाबा गेले तेव्हा तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या तिच्याच जावेने उतरवल्या होत्या. इथे नवरा गेला म्हणून कुणीतरी लेकीला हिरवं घालत होतं.

झाकण लावायची वेळ आली. शेवटचा निरोप. सगळे उभे राहिले. आई कधी बाहेर गेली आणि कधी परत आली ते मला कळलं नाही. ती पेटीशी वाकली तेव्हा पदराखालून तिने स्टीलची वाटी काढली.

मीराने सगळ्यात आधी पाहिलं. "आजी, नो," ती म्हणाली. "नॉट इन हियर."

प्रेत असतं त्या घरात अन्न नेत नाहीत. गेलेला माणूस पवित्र, आणि अन्नाने ते पावित्र्य मोडतं. जेवणघर वेगळं, लांब. तिथलं रांगतं पोरसुद्धा हे जाणतं. मीही आईला सांगितलं होतं की इथे काही खायचं नाही, आणि तिने ते कसोशीने पाळलं होतं, औषधाची गोळीसुद्धा बाहेर जाऊन घेतली होती. पण प्रवासाला निघालेल्याच्या हातावर दही ठेवणं तिच्या लेखी खाणं नव्हतंच. चमचा हेमीच्या हातापासून वीतभर वर थांबला होता. हेमीचा एक चुलतभाऊ, त्याच्याच उंचीचा, मोठ्याने म्हणाला की म्हातारीला कुणीतरी सांगा, हे हॉटेल नाही. आणि मग, जरा खालच्या आवाजात, यांना आत घेतलं की हे असंच होणार.

मी आईचा हात धरला. माझी नजर आंटी हुइयाकडे गेली, कारण आता ती जे करेल तेच होणार होतं. आम्ही त्या घरातल्या की पाहुण्या, हे तिथेच आणि तेव्हाच ठरणार होतं, हे मला तेव्हाही स्पष्ट दिसत होतं.

"काय करतेय ती?" आंटीने मला विचारलं.

मी सांगितलं. तो घरातून निघताना ती नेहमी देते. आता तो लांब चाललाय.

आंटी काठी टेकत उठली. तिने आईच्या कोपराला धरलं आणि तिला बाहेर नेलं, ओसरी ओलांडून पार गवतावर. मी मागोमाग गेले. दारातून सगळे बघत होते. आंटीने काठी बगलेत धरली आणि आपला उजवा हात आईसमोर पसरला. "त्याला आता देता येत नाही," ती म्हणाली. "पण दफनाच्या टेकडीपर्यंत त्याच्याबरोबर मी जाणार आहे. मला दे."

मी भाषांतर केलं. आईने तिच्या तळव्यावर दही ठेवलं. आंटीने ते चाटलं, जरा विचार केला आणि साखर कमी आहे असा शेरा दिला. मग दाराकडे वळून चुलतभावाला नाव घेऊन हाक मारली. पेटी उचलणाऱ्यांत तो पुढचा होता. ये, म्हणाली, हात पुढे कर, ही हेमीची आई आहे. तो आला. मान खाली घालून त्याने हात पुढे केला. मग बाकीचे खांदेकरी आले, एकामागून एक, काळे सूट घातलेले धिप्पाड पुरुष, आणि माझ्या चार फूट दहा इंचाच्या आईने प्रत्येकाच्या हातावर दही घातलं. वाटी पुरली. नळावर सगळ्यांनी हात धुतले, डोक्यावरून पाणी शिंपडलं आणि आत जाऊन हेमीला उचललं.

पुढचं बरंचसं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. टेकडीवरचा वारा. लाल माती. पोरं-माणसं आळीपाळीने फावडं घेताना. दफनभूमीच्या फाटकाशी हात धुवायला ठेवलेलं पाणी, आणि ते पाहून आईने समाधानाने मान हलवली होती. संध्याकाळी ते सगळे आमच्या घरी आले, प्रार्थना म्हणत एकेका खोलीतून फिरले, माझ्या पुस्तकांच्या खोलीतूनसुद्धा, आणि मग स्वयंपाकघरात बसून पोटभर जेवले. घर जिवंत माणसांना परत मिळावं म्हणून तसं करतात. त्या रात्री मला झोप लागली.

टेकडीवर, माती सारखी करून झाल्यावर, आंटीने काठीने हेमीच्या डाव्या बाजूची हिरवळ दाखवली होती. ही जागा तुझी, हवी असली तर. नको असली तरी कुणी काही म्हणणार नाही, कितीतरी सुना आपापल्या माणसांत परत जातात. वर्षभराने थडग्यावर दगड बसवू, त्याआधी सांग, एकट्याचा घडवायचा की जोडीचा.

मी लगेच हो म्हटलं नाही. दुःखात दिलेल्या शब्दावर माझा फारसा विश्वास नाही. मे संपला की इथे हिवाळा, तो मी जाऊ दिला. हेमी सांभाळायचा त्या बागेत छाटणी आली, तिकडे हेमीच्या भावांनी लक्ष दिलं. वसंतात मांडवाखाली पांढरी फुलं आली आणि मधमाश्यांच्या पेट्या आल्या, तेव्हा मी पहिल्यांदा एकटी बागेत गेले. वाचनालयातून निघून दर शनिवारी मराएच्या स्वयंपाकघरात जाऊ लागले. बटाटे अजूनही हळूहळूच सोलते. मी जुन्नरचा नीट विचार केला, दादाच्या वरच्या मजल्याचा, माझ्या शाळेच्या रस्त्याचा. तिथे माझं सगळं आहे, आणि त्यातलं काही माझी वाट बघत नाही. ही तक्रार नव्हे. गावाने माणसाशिवाय चालू राहावं, तसं ते चालू आहे. इथे मात्र शनिवारी मी पोचले नाही तर आंटी फोन करून शिव्या घालते. उन्हाळा संपता संपता, बटाटे सोलताना, मी तिला सांगितलं. जोडीचा.

ती फक्त म्हणाली की मग कारागिराला मोठा दगड बघायला सांगते.

आईला सांगायचं राहिलं होतं. ते गेल्या आठवड्यात झालं. ती मटार सोलत होती. मी सगळं सांगितलं, दगडाचं, जागेचं. तिने मान वर न करता विचारलं.

"म्हणजे तुला पुरणार?"

"हो."

शेंगा संपल्या तरी ती रिकामी टरफलं चाचपत राहिली. आमच्याकडच्या कुणालाच आजवर मातीत ठेवलेलं नाही. माझ्या आजोळी-माहेरी सगळे कुकडीच्या काठावर राख होऊन गेले. तिला काय वाटत असेल ते मी तिच्याऐवजी बोलून दाखवणं बरं नव्हतं.

"थंडी वाजेल गं तुला," ती म्हणाली.

"शेजारी हेमी आहे ना."

तिने डोळे पुसले, टरफलं कचऱ्यात टाकली, हात धुतले. परत येऊन बसली तेव्हा तिचा आवाज नेहमीचा होता. दगडावर तुझं नाव आपल्या अक्षरांत घालायला सांग, म्हणाली, या लोकांना इंग्रजीतलं नीट वाचता येत नाही, तुला काहीही हाका मारतात. जुन्नरचा विषय तिने त्यानंतर काढलेला नाही. दादाला तिने फोनवर सांगितलं की वरचा मजला भाड्याने दे.

काल सकाळी दगडावरचं कापड काढलं. एक टोक आंटी हुइयाने धरलं होतं आणि एक आईने. मीरा वेलिंग्टनहून आली होती. तिने आजीला हळू आवाजात "केअरफुल, आजी, स्टेप आहे" असं सांगितलं आणि तिचा हात सोडला नाही. प्रार्थना झाली, मग आईने तिच्या पद्धतीने तीळ आणि पाणी सोडलं, आणि सगळे थांबले तोवर.

दगड करडा आहे. वरच्या अर्ध्या भागात हेमीचं नाव आहे. खालचा अर्धा भाग कोरा आहे, आणि तो माझा आहे.